आबांना वाचून न दाखवलेली ओळ

आबांच्या आजाराचं नाव मला त्यांच्या कितीतरी दिवस आधी कळलं. आजार त्यांच्या गळ्यात होता आणि कागद माझ्या हातात.

कराडच्या घशाच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला होता. रिपोर्ट आणायला मी आणि पप्पा गेलो. पाकीट पप्पांनी न उघडताच माझ्याकडे दिलं. आमच्या घरात इंग्रजी कागद माझ्याकडेच येतात. विम्याची पॉलिसी असो, औषधाची चिठ्ठी असो, सातारच्या इंग्लिश मीडियमला घातलेली घरातली मी एकटीच. दवाखान्यासमोर रसवंतीचे घुंगरू वाजत होते. मी उभ्याउभ्या वाचलं आणि कागदाची घडी घातली.

"काय म्हणतंय?" पप्पांनी विचारलं.

"कॅन्सर म्हणतंय."

माझा आवाज मुळातच बारीक. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तो शब्द मला पुन्हा उच्चारावा लागला. पप्पांनी उसाच्या चिपाडांच्या ढिगाकडे बघितलं. मग म्हणाले, "आबांस्नी सांगायचं न्हाई. गाठ हाय म्हणायचं. साधी गाठ."

आमच्याकडे हे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. गावात याआधी हा आजार झालेल्यांपैकी एकालाही तो झाल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. नाव घेतलं की माणूस खचतं, असं सगळे मानतात. मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमी जमतं.

गोलकीपर

आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून ते सतरा-अठराव्या वर्षी पलटणीत भरती झाले. तोवर त्यांना विटीदांडू माहीत होता, हॉकी नाही. तिथल्या एका पंजाबी हवालदाराने त्यांना गोलमध्ये उभं केलं, कारण अंगावर येणारा चेंडू चुकवायला आबा बाजूला सरत नसत. त्या काळी डोक्याला काही नसायचं. पायांना कापसाचे पॅड, हातात जाड मोजे, बाकी सगळं अंग उघडं. पुढचे दोन दात गेले. डाव्या हाताची करंगळी वाकडी झाली, ती तशीच राहिली. पण बारा वर्षं ते पलटणीच्या संघात होते. परेड माफ, दूध-अंडी जादा. खेळणं हीच त्यांची नोकरी होती.

दोन हिवाळे त्यांनी लडाखात काढले. तिथे तळी गोठली की जवान बुटांखाली लोखंडी पाती ठोकून घेत आणि बर्फावर हॉकी खेळत. चेंडू बर्फावर उड्या मारायचा, म्हणून जुन्या बुटाच्या टाचेचं रबर गोल कापून घ्यायचे. दोन जेरीकॅन म्हणजे गोल. आबा त्यांच्यामध्ये कापूस भरलेला कोट घालून उभे राहायचे. "बर्फावर आवाज लय लांब जातो," ते सांगायचे. "मी हाळी दिली की पल्याडच्या डोंगरापातूर जायची आन परत यायची. पोरं म्हणायची, आपला गोलकीपर दोन हायत."

एकदा त्यांना हॉकीच्या मोठ्या निवड शिबिरासाठी बोलावणं आलं होतं. आठवडाभर आधी गळपट्टीचं हाड मोडलं. नंतर बोलावणं आलं नाही. ही गोष्ट ते एका वाक्यात संपवायचे: "तेवढंच मैदान व्हतं आपलं."

पेन्शनीवर आल्यावर तीसेक वर्षं ते शाळेच्या मैदानावर मुलामुलींना हॉकी शिकवत राहिले. गोलकीपरला सगळं मैदान दिसतं, बाकीच्यांना फक्त चेंडू, म्हणून गोलकीपरचं निम्मं काम गळ्याचं, असं ते म्हणत. "डावीकडं! डावीकडं बघ रं गड्या!" ही त्यांची हाक आमच्या स्वयंपाकघरात यायची. ती थांबली की आई भाकरीचं पीठ मळायला घ्यायची.

मी दहा वर्षांची असताना त्यांनी मलाही गोलमध्ये उभं केलं. "मिने, बोल की! तुला दिसतंय, त्येंला दिसत न्हाई." मला सगळं दिसायचं. तोंडातून आवाज निघायचा नाही. गोल होत राहिले. आबा चिडले नाहीत. त्यांनी माझ्यासाठी वेगळी पद्धत काढली. काठी खांबावर एकदा आपटायची, म्हणजे 'मी हाय'. दोनदा आपटायची, म्हणजे 'नको, थांब'. दोन वर्षं मी तेवढ्यावर खेळले.

आमचा आणखी एक खेळ होता. आबांची काळी पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात पलटणीतली प्रमाणपत्रं. सगळी इंग्रजीत. मी आधी इंग्रजी वाचायचे, मग मराठीत सांगायचे. आबा मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते कागद पाठ होते. कंटाळून मी काही गाळलं तर डोळे न उघडता म्हणायचे, "मधली ओळ खाल्लीस."

सांगली

तोवर आबांचा आवाज बसल्याला सहा महिने झाले होते. मुलांवर ओरडून बसला, असं आम्ही धरून चाललो. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. बिडी त्यांनी सोडली नव्हती आणि आम्ही ती सोडवली नव्हती. मग गिळताना दुखायला लागलं. कुणाच्या घरात असा आवाज पंधरा दिवसांपेक्षा जास्त बसलेला राहिला, तर ज्येष्ठमध बाजूला ठेवा आणि घशाच्या डॉक्टरांकडे जा. एवढं एक मी ठामपणे सांगू शकते.

कराडहून आम्हाला सांगलीला पाठवलं. आत्या सांगलीतच असते, म्हणून मुक्काम तिच्याकडे. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. त्यामुळे आबांबरोबर मीच राहायचं ठरलं.

सर्जनच्या खोलीत आम्ही तिघं गेलो, मी, पप्पा आणि आत्या. आबा बाहेर बाकावर टोकन धरून बसले होते. डॉक्टर म्हणाले, गाठ मोठी आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वास गळ्याच्या छिद्रातून, कायमचा. आवाज जाईल. हे केलं तर वाचायची बरी आशा आहे.

"पेशंटना सांगितलंय ना सगळं?"

"व्हय, सांगितलंय," पप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं.

आत्याच्या घरी त्या संध्याकाळी भांडण झालं. आबा बाहेर कट्ट्यावर बसले होते, त्यामुळे सगळे हळू आवाजात भांडत होते. मी म्हटलं, त्यांना विचारायला पाहिजे.

"इचारून बघ," आत्या म्हणाली. "आवाज जाणार म्हणलं की उठतील आन येस्टी धरतील. मग बस हातात रिपोर्ट धरून."

"पण गळा त्यांचा आहे."

"आन बाप कुणाचा हाय? चार बुकं इंग्लिश वाचली म्हणून शहाणी झालीस व्हय गं?" एवढं म्हणून ती रडायला लागली. पप्पा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी रिपोर्ट पिशवीत ठेवून दिला. मी तेव्हा घाबरले होते, असं आता म्हणता येईल. पण आबा जगावेत हे मलाही वाटत होतं, आणि विचारलं तर ते काय म्हणतील हे मलाही माहीत होतं.

सही

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी सिस्टर संमतीचा फॉर्म घेऊन आल्या. मराठीतले संपले होते. "तुम्हाला येतं ना? वाचून दाखवा आणि सही घ्या," असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

आबा उठून बसले. उशी पाठीला लावली. मांडीवर हात ठेवले, डोळे मिटले.

"वाच, मिने."

मी वाचायला लागले. नाव, वय, भूल, रक्त लागल्यास रक्त. गळ्याला श्वासासाठी छिद्र ठेवण्यात येईल.

"किती दिस?"

"ते डॉक्टर बघतील, आबा."

पुढची ओळ अशी होती: या शस्त्रक्रियेनंतर माझा नैसर्गिक आवाज कायमचा जाईल, हे मला समजले आहे. पप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. माझं बोट त्या ओळीवर होतं. मी ते खालच्या ओळीवर नेलं आणि तिथून वाचायला सुरुवात केली.

वाचून झाल्यावर आबांनी डोळे उघडले आणि बसक्या आवाजात हसले. "मधली ओळ खाल्ली न्हाईस न्हवं?"

ती आमची जुनी चेष्टा होती.

"नाही, आबा," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. त्यांची सही इंग्रजीत आहे. पलटणीत शिकवलेली तेवढीच इंग्रजी अक्षरं त्यांना येतात.

सकाळी त्यांना न्यायला स्ट्रेचर आलं. त्यांनी पप्पांना सांगितलं की मैदानावरच्या गोलखांबांना रंग द्यायचा राहिलाय. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जा, च्या पिऊन ये. तोंड बघ कसं झालंय." मी मान हलवली. त्यांच्या आवाजातलं मला उद्देशून आलेलं शेवटचं वाक्य ते, आणि मी त्याला शब्दाने उत्तरही दिलं नाही.

वॉर्ड

शुद्धीवर आल्यावर त्यांचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं, मग हाताने विचारलं, कधी? पप्पा म्हणाले, सूज उतरू दे. दोन दिवस सूज उतरत होती.

तिसऱ्या दिवशी राउंडला एक तरुण डॉक्टर आले. चांगले होते, आबांचा हात हातात घेऊन बोलत होते. "आजोबा, आवाज आता येणार नाही, ते माहितीय ना तुम्हाला? पण बोलायचे दुसरे मार्ग असतात. नंतर शिकवू."

आबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग पप्पांकडे. मग माझ्याकडे, आणि तिथेच थांबले. मी ती नजर इथे लिहायचा प्रयत्न केला आणि खोडला. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यानंतरचे दिवस एकसारखे होते. दर थोड्या वेळाने सिस्टर छिद्रात नळी घालून कफ ओढायच्या. त्या घर्रघर्र आवाजाची सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही. नाकातल्या नळीतून दूध, ताक, मुगाचं पाणी. खोकला आला की तो गळ्यातून बाहेर पडायचा. पहिल्यांदा तो माझ्या ओढणीवर उडाला आणि मी मागे सरकले. आबांनी ते पाहिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेजारच्या खाटेवर जतकडचे एक गृहस्थ होते, त्यांचंही हेच ऑपरेशन झालेलं. त्यांच्या बायकोने मला मलमलच्या ओल्या फडक्याचा लाळेरा बांधायला शिकवला, म्हणजे छिद्रातली हवा कोरडी होत नाही. "घाबरू नगंस बाळा, त्यो गळाच हाय," ती म्हणायची. मी तिला विचारलं, तुमच्या मालकांना आधी सांगितलं होतं का? "तर! त्येनी आठ दिस बडबड केली नुसती. समद्या पावण्यांस्नी फोन लावले. नातवाच्या कानात कायबाय सांगितलं. मग म्हणले, चला."

आठ दिवस. आम्ही आबांना ते दिले नाहीत.

मी त्यांना एक पाटी आणून दिली होती. अकरा दिवस त्यांनी तिला हात लावला नाही. बाराव्या दिवशी दुपारी पाटी ओढून घेतली आणि वळणदार, सावकाश अक्षरात लिहिलं, "मधली ओळ खाल्लीस."

मी हो म्हटलं.

त्यांनी खाली लिहिलं, "मी न्हाई म्हनलो असतो."

"म्हणूनच, आबा."

त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि डोळे मिटले.

घर

नंतर गळ्याला रेडिएशनचे शेक झाले, तीस दिवस, आत्याकडे राहून. मान काळी पडली, तोंडात फोड आले. ते संपल्यावर आम्ही गावी आलो. आजाराच्या कागदावर नसलेल्या गोष्टी मग एकेक करून कळत गेल्या. वास गेला. आमटी करपली तरी त्यांना कळत नव्हतं. बशीतला चहा फुंकता येईना, कारण वारा तोंडातून जातच नव्हता. हसू आलं तर नुसते खांदे हलायचे. ते बघून आई स्वयंपाकघरात निघून जायची.

एकदा ते मैदानावर गेले. जुनी हॉकीची काठी आता टेकायला वापरत. मुलं धावत आली. आबांनी सवयीने शिट्टी तोंडात धरली आणि जोर केला. गळ्यावरचं फडकं फडफडलं. शिट्टी वाजली नाही. एक लहान मुलगी हसली, मग दुसरीने तिला चिमटा काढला. आबांनी शिट्टी खिशात ठेवली आणि घरी आले. पुन्हा गेले नाहीत.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्यातून मिळालं होतं. ते त्यांनी अंगणात एकदाच लावलं. पत्र्यासारखा आवाज निघाला आणि आमचं कुत्रं त्यांच्यावरच भुंकलं. यंत्र ट्रंकेत गेलं.

पप्पा त्या वर्षात आबांच्या खोलीत एकटे कधी बसले नाहीत. औषध आणायचे, दारातून द्यायचे. एकदा मीच काहीतरी लागट बोलले तर म्हणाले, "जित्ता हाय न्हवं? तुला आजोबा हायत न्हवं?" हेही खरं होतं. त्या उन्हाळ्यात आबांनी आमरस खाल्ला. आत्याच्या मुलाच्या लग्नात फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. पप्पांचं चुकलं असं मी आजही सरळ म्हणू शकत नाही. माझं चुकलं एवढं म्हणू शकते. आबांनी माझ्यावर डॉक्टरांपेक्षा, मुलापेक्षा जास्त भरवसा ठेवला होता. कागदात जे आहे तेच मी सांगेन, एवढंच त्यांचं माझ्याकडे मागणं होतं.

थंडी संपत आली होती. मी त्यांच्या खोलीत काम करत बसले होते. मागून काठीचा आवाज आला, जमिनीवर, एकदा. मी वळून पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी टेबलावर बोटाने एकदा वाजवलं. त्यापलीकडे आमच्यात माफीचं बोलणं झालेलं नाही.

दुसरा रिपोर्ट

गेल्या तपासणीत कानाखाली गाठ लागली. स्कॅन झालं. पाकीट पुन्हा माझ्या हातात आलं. डॉक्टरांनी मला आणि पप्पांना आत बोलावून समजावलं. आणखी एक मोठं ऑपरेशन करता येईल, त्यानंतर सलाइनमधून औषधं. फायदा होईलच असं नाही.

बाहेर येताच पप्पांनी माझं मनगट धरलं. "काय सांगू नगंस. म्हणावं, जरा सूज हाय."

मी हात सोडवून घेतला. आबा बाकावर बसले होते, त्यांच्यासमोर मी स्टूल ओढून बसले आणि पाकीट उघडलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, काठी गुडघ्यांमध्ये धरली, मांडीवर हात ठेवले आणि डोळे मिटले.

मी वाचलं. आधी इंग्रजी, मग मराठी. गाठ कुठे, केवढी, कशाला चिकटलेली. "मीनल!" पप्पा मागून म्हणाले. मी थांबले नाही. माझा आवाज इतका चढला होता की बाकावरची माणसं वळून बघत होती. कॅन्सर हा शब्द मी दोनदा वाचला, कारण कागदात तो दोनदा होता. कागद संपल्यावर डॉक्टर जे म्हणाले तेही सांगितलं. ऑपरेशन केलं तर उजवा हात पूर्ण उचलणार नाही. गिळता येईलच असं नाही. कदाचित नळी कायमची.

आबांनी पाटी घेतली. "न केल्यास?"

मला ते विचारायचं सुचलं नव्हतं. मी आत जाऊन विचारून आले. "काही महिने, आबा. किती ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. दुखणार नाही याची औषधं देतो म्हणाले."

आबांनी पाटी पुसून बाजूला ठेवली. मग काठी उचलली आणि फरशीवर आपटली. एकदा. मग दुसऱ्यांदा.

"त्येंला नीट कळलं नसंल," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "परत इचार."

"कळलंय, पप्पा. मी एकही ओळ सोडली नाही."

पप्पा आबांशेजारी बाकावर बसले. वर्षभरात पहिल्यांदा. आबांनी वाकड्या करंगळीचा हात त्यांच्या मांडीवर ठेवला. मग दुसऱ्या हाताने माझ्याकडून रिपोर्ट घेतला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

तुमच्या घरात इंग्रजी कागद वाचणारं एकच माणूस असेल आणि ते माणूस तुम्ही असाल, तर घरचे तुम्हाला काय गाळायचं ते सांगतील. ते प्रेमाने सांगतील. रडून सांगतील. तरी कागद ज्याचा आहे त्याला तो सगळा वाचून दाखवा. मग तो काय म्हणतो ते सोसायची तयारी ठेवा. हे दुसरं जास्त अवघड आहे, आणि ते सोपं कसं करायचं हे मला माहीत नाही.

आबा आता बहुतेक वेळ झोपून असतात. गाठ दिसण्याइतकी वाढली आहे. दुखण्याचं औषध कधी लागू पडतं, कधी पडत नाही. पप्पा संध्याकाळी त्यांचे पाय चेपतात. मैदानावरच्या खांबांना रंग दिला, तो त्यांना खिडकीतून दिसतो.

तो रिपोर्ट ट्रंकेत आहे, प्रमाणपत्रांबरोबर. बर्फातल्या संघाचा कागद झाला की ते बोटाने तोही दाखवतात, आणि मी वाचते. आता त्यांना तोही पाठ झाला आहे. परवा वाचता वाचता मला एक ओळ वाचवेना आणि मी पुढच्या ओळीवर गेले. आबांचे डोळे मिटलेलेच होते. काठी खाटेच्या कडेवर दोनदा वाजली.

मी मागे गेले आणि ती ओळ वाचली.